टेलरबाईंची घरची प्रत

मी टेलरबाईंच्या पुस्तकाची घरची प्रत बोलतेय. माझ्या पाचशे बहिणी छापखान्यातून निघून दुकानांत, वाचनालयांत, कुणाकुणाच्या हातात गेल्या. मी लेखिकेकडेच राहिले, शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनच्या डब्याशेजारी. बहिणींना चार बरे हात तरी लागले. माझ्या कानांवर पुढे आल्या त्या शिव्याच.

बाईंनी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले आणि मग मला लिहिलं. गिऱ्हाइकं, मापं, फसलेले गळे, सगळं माझ्यात आहे. पहिला महिना कौतुकात गेला. मग रविवारच्या पेपरात परीक्षण आलं.

बाईंच्या नवऱ्यानं ते मोठ्यानं वाचलं. ‘भाषा मशीनसारखी एकसुरी. मुखपृष्ठ पडद्याच्या कापडासारखं भडक.’ आणि शेवटी, ‘दोनशे पानांत या बाईंची कात्री एकदाही चुकत नाही. चुकतात ते सगळे दुसरे.’

“कोण हा टिकोजीराव? जन्मात एक बटण तरी लावलंय का यानं?” नवरा उसळला. “परवा रेडिओवर मुलाखत आहे ना तुझी? चांगला सोलून काढ त्याला!”

तेवढ्यात प्रकाशकांचा फोन. “बाई, परीक्षणाला उत्तर द्यायचं नसतं. आपण बोललो की त्यांचं फावतं. तीन वाक्यं पाठ करून जा आणि काहीही विचारलं तरी त्यांच्यावरच या.”

बाईंनी दोघांनाही हो म्हटलं आणि दुकानातल्या सवयीनं कामाला लागल्या. कपडा परत आला की त्या आधी तक्रार ऐकून घेत. रंग आवडला नाही म्हणणाऱ्याला कपड्याची नीट घडी घालून देत. बाही रुतते म्हटलं, तर अंगावर चढवून बघत आणि खरंच रुतत असेल तिथे खडूची फुली मारून उसवायला घेत. आताही त्यांनी कात्रण माझ्यावर ठेवलं. भाषेवरचं वाक्य सोडलं, मुखपृष्ठावरचं सोडलं. शेवटच्या वाक्यापाशी खडू बराच वेळ थांबला. मग तिथे फुली पडली.

का, ते मला ठाऊक होतं. माझ्या एक्क्याण्णवाव्या पानावर मखमलीच्या कोटाची गोष्ट होती. मखमलीला लव असते. सगळे तुकडे लवेच्या एकाच दिशेनं कापले नाहीत, तर एक बाही गडद आणि एक फिकी दिसते. एका नवरदेवाचं ऐन लग्नात, दिव्यांखाली, तेच झालं. तुकडा बाईंनीच उलटा कापला होता. पण त्याचे काके-मामे दुकानात येऊन ओरडायला लागले, तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, “माझ्या नणंदेनं कापड उलटं अंथरलं.” नणंद तेव्हा त्यांच्याच शेजारी बसून शिवायची. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. बारा वर्षांनी बाईंनी तेच खोटं माझ्यात छापलं आणि नणंदेनं सख्ख्या भावाच्या घरची पायरी चढणंही सोडलं.

मुलाखतीला बाईंनी मला पिशवीतून नेलं. मुलाखतकाराचं वाचन माझ्या मलपृष्ठापलीकडे गेलेलं दिसत नव्हतं. परीक्षण मात्र त्याच्यापुढे होतं.

“समीक्षक म्हणतात, तुम्ही कधी चुकतच नाही! आमच्या श्रोत्यांना सांगा ना, इतकं अचूक राहायचं कसं?”

काचेपलीकडे कुणीतरी हसलं. पहिलं पाठ केलेलं वाक्य बाईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी माझ्यावरचा हात घट्ट केला.

“त्यांचं बरोबर आहे. मखमलीचा तो कोट मी बिघडवला. माझ्या नणंदेनं नाही.”

त्याचे डोळे लकाकले. “म्हणजे पुस्तकात खोटं आहे?”

“त्या पानावर आहे.”

“मग बाकीच्या पानांवर लोकांनी विश्वास का ठेवायचा?”

“ठेवा, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? वाचून ठरवा. तुम्हीसुद्धा.”

“नणंदेची माफी इथेच मागणार? सगळे ऐकताहेत.”

“ती तिच्यासमोर मागेन. खोटं चारचौघांत बोलले होते, म्हणून खरं चारचौघांत सांगितलं.”

“रडू येतंय का तुम्हाला?”

“नाही. तहान लागलीय.”

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा आला, ‘लेखिकेचीच कबुली, पुस्तक खोटं’. प्रकाशकांचे फोन थांबले. नवरा ताटावरून उठला. “तुझ्या शब्दावर मी बहिणीशी भांडलो. बारा वर्षं!” बाईंनी त्याचं ताट झाकून ठेवलं.

चौथ्या दिवशी नणंद आली. चप्पल दारात काढून उभीच राहिली.

“वहिनी, रेडिओवर सांगायला आधी सुचलं. माझ्या दारापर्यंत पाय नाही वळले?”

“धीर झाला नाही गं. चुकले मी. माफ कर.”

“माझ्या हातचं सगळं काम गेलं त्या एका वाक्यानं. आता तू चुकले म्हणणार आणि मी गळ्यात पडणार, असं वाटलं होतं का?”

“नाही.”

“आण ते पुस्तक.”

तिनं मला हातात घेतलं, पान शोधलं आणि बुडापासून टर्रकन फाडलं. नवरा म्हणाला, “अगं, अगं!”

“फाडू दे तिला,” बाई म्हणाल्या.

नणंदेनं पान घडी करून पर्समध्ये टाकलं. पाणीसुद्धा घेतलं नाही. चप्पल घालताना एवढंच म्हणाली, “पुन्हा छापशील, तर आधी मला वाचून दाखवायचं.”

आता माझं नव्वदावं पान संपलं, की एकदम त्र्याण्णवावं येतं. मध्ये उसवल्यासारखी एक कड आहे. बाईंनी ती चिकटवली नाही. त्या जागचा मजकूर रोज लिहायला बसतात, चार ओळी होतात, त्याही खोडतात.

कधी तुमच्या हाती लागले, तर सदोष प्रत म्हणून मला बाजूला टाकू नका. माझ्या भाषेला नावं ठेवा, मुखपृष्ठाला ठेवा, मला सोसेल. पण आधी उलटून तरी बघा. आणि त्या फाटलेल्या पानावर काय होतं, ते बाईंनाच विचारा. त्या सांगतील.