समीक्षाचा तिसरा खड्डा

बावीस वर्षं कतारमध्ये क्रेन चालवून नियाज पनवेलला परतला आणि दोन महिन्यांत त्याने आपट्याजवळ पाच गुंठे जागा घेतली. तिथे गटाराची लाइन नव्हती. संडासाच्या टाकीतलं पाणी जमिनीत मुरवायला शोषखड्डा लागणार होता, आणि माती पाणी पिते की नाही हे बघायला समीक्षा नावाची इंजिनीअर आली.

तिच्या सांगण्यावरून आदल्या दिवशीच गुडघाभर खोल खड्डा खणून भिजवून ठेवला होता. सकाळी तिने त्यात पट्टी रोवली, लाल रेघेपर्यंत पाणी भरलं आणि टेप घेऊन शेजारच्या मैनाबाईंच्या विहिरीचं अंतर मोजायला गेली.

पाच मिनिटं झाली तरी पाणी हलेना. नियाजचा धीर सुटला. बायको ताहिरा गाडीत बसलेली होती, तिच्याकडे पाठ करून त्याने सात-आठ मग पाणी उपसलं आणि करवंदीच्या जाळीत ओतलं.

समीक्षा परत आली. पाणी सहा इंच उतरलेलं पाहून तिने कपाळाला आठ्या घातल्या. माती पास झालीच, अशा समजुतीत नियाजने तिला चहा ओतून दिला.

"इतक्या वेगानं मुरलं तर घाण गाळलीच जाणार नाही," ती म्हणाली. "थेट मावशींच्या विहिरीत जाईल. ही जागा चालणार नाही."

नियाजच्या हातातला थर्मास तसाच राहिला. गाडीची काच मात्र हळूच खाली आली.

समीक्षाने सावधगिरी म्हणून दहा पावलांवर दुसरा खड्डा खणवून घेतला, भिजवला, दुपारी पुन्हा रेघेपर्यंत भरला आणि मागची हद्द मोजायला गेली. आता पाणी हळू उतरायला हवं, म्हणून नियाजने पिण्याच्या कॅनमधलं पाणी त्यात ओतलं आणि जोहरच्या नमाजाला झाडाखाली गेला. तो वळताच ताहिरा उतरली. पाणी वेगाने गेलं की जागा बाद, एवढं तिने नीट ऐकलं होतं. तिने जेवणाच्या डब्याचं झाकण घेतलं आणि उपसायला बसली.

अर्ध्या तासाने पाणी बरोबर लाल रेघेवर होतं. केसभरही इकडेतिकडे नाही.

"सकाळी चाळणी, दुपारी घागर," समीक्षा स्वतःशीच पुटपुटली. बारा वर्षांत तिने अशी माती पाहिली नव्हती. ती पट्टी पुसून पुन्हा बघू लागली, तेव्हा मैनाबाई कुंपणापाशी आल्या.

"मातीला कशाला बोल लावतंस, बाय? मी सकाळपासून बघतंय. सकाळी दादाच काढत व्हते, आता दादा ओततान आनि बाई काढतान. तुमी दोघा आधी काय त्या ठरवा."

नवराबायको एकमेकांकडे बघत राहिले. नियाजला आपल्या चोरीपेक्षा तिच्या चोरीचं जास्त आश्चर्य वाटलं. त्याने विचारलं, तुला हे घर नको होतं तर बोलली का नाहीस? त्याने विचारलंच कधी नव्हतं, असं ताहिरा म्हणाली. मग आवाज खाली आणून तिने पुढचं सांगितलं.

"बावीस वर्षं तुम्ही घराबाहेर राहिलात. पनवेलच्या आपल्या बिल्डिंगमधल्या बायकांनी मला सांभाळलं. आता तुम्ही परत आलात, तर मी घराबाहेर पडू का?"

नियाजने रिकामा कॅन उचलून गाडीत ठेवला.

समीक्षाने दोघांना गाडीत बसवलं आणि तिसरा खड्डा खणवून, भिजवून, रेघेपर्यंत भरून मैनाबाईंच्या राखणीत ठेवला. त्या खुर्ची टाकून बसल्या. थोड्या वेळाने ताहिरा परवानगी मागून त्यांच्याजवळ गेली, हात पाठीमागे बांधून. दोघींचं सुक्या जवळ्यावरून सुरू झालेलं बोलणं पोरींच्या सासरपर्यंत पोचलं. संध्याकाळी समीक्षाने पट्टी पाहिली. दर अर्ध्या तासाला पाणी इंचभर उतरत होतं. विहीरही पुरेशी लांब होती. माती चांगली होती, पहिल्यापासूनच.

नियाजने आनंद दाखवला नाही. तो ताहिराकडे बघत राहिला.

"पनवेलचं घर सोडायचं नाही," ती म्हणाली. "इथे दोन खोल्या. शनिवार-रविवार."

नियाजने लगेच मान डोलावली. समीक्षाने वही उघडली आणि संडास कुठल्या कोपऱ्यात हवा ते विचारलं.

नियाजने पूर्वेकडे बोट दाखवलं, ताहिराने पश्चिमेकडे.