गेनबाच्या छपरावरची पेंढी

मी बोरूच्या उंच गवताची पेंढी बोलतेय. खराडीच्या नदीकाठी, गुडघाभर पाण्यात मी वाढले. स्वातंत्र्य नुकतंच आलं होतं आणि खराडी तेव्हा पुण्याबाहेरचं शेतीवाडीचं गाव होतं.

थंडीत आमचे तुरे वाळले, तेव्हा गेनबाने आम्हाला कापलं. दुखलं नाही असं म्हणणार नाही. पण त्याचा विळा धारदार होता, त्याबद्दल मी आभारीच आहे. त्याला घाई होती. त्याची लेक मैना पहिल्या बाळंतपणाला माहेरी यायची होती आणि घराचं जुनं छप्पर पार कुजलेलं. माणसाला घाई झाली की त्याला सगळं वाळलेलंच दिसतं. जेमतेम दोन उन्हं दाखवून त्याने आम्हाला वाखाच्या दोरीने आवळून टाकलं.

त्याच्या बायकोने, सरुबाईने, माझ्या पोटात हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"अहो, आतनं तापलीया की ही! ओली हाय. अशीच चढवली तर सडंल."

"मग मैनेनं काय आभाळ पांघरायचं?" गेनबा खेकसला.

सरुबाईने एकेक पेंढी सोडून आम्हाला पुन्हा उन्हात पसरलं. ती नसती तर मी त्याच वर्षी कुजून गेले असते.

त्यामुळे मैना आली तेव्हा जुनं छप्पर उतरवलेलं, नवं चढायचं राहिलेलं, आणि घर उघडंच होतं. तिला सोडायला आलेले सासरे, विश्रांतवाडीचे हिंदुराव, वाशांमधून वर बघत म्हणाले, "वा! चांदण्या बघायची चांगली सोय केलीत. सूनबाई, चला परत. बाळंतीण उघड्यावर ठेवत नाय आमच्यात."

गेनबाची मान खाली गेली. मैना मात्र उंबऱ्याशीच बसली. "मामंजी, मी न्हाय येणार. मला आईच्या हाताखालीच बाळंत व्हायचंय."

व्याह्याने व्याह्याच्या घरी पाहुणचार घ्यायचा, कामाला हात लावायचा नाही, अशी रीत. हिंदुरावांनी एकदा उंबऱ्यावरच्या सुनेकडे पाहिलं. मग कोट काढून त्यांनी खुंटीला अडकवला.

"व्याही, चढा वर. पेंढ्या मी देतो. आन् हे विश्रांतवाडीत कुठं बोलू नका."

एव्हाना मी खडखडीत वाळले होते. त्यांच्या हातून मी छपरावर चढले आणि दिवेलागणीपर्यंत घर शाकारून झालं. त्याच आठवड्यात माझ्याखाली मैनेला मुलगी झाली. तिचं नाव शकू ठेवलं.

पुढे माझ्यावर नव्या पेंढ्यांचे थर चढत गेले. मी आत, उबेत राहिले. चिमण्यांनी थोड्या काड्या पळवल्या, त्याचं काही नाही. चुलीच्या धुराने कीड लांब ठेवली. एका गवताला यापेक्षा काय हवं?

आता घरावर कौलं येताहेत. माझी तक्रार नाही. मागणं एवढंच, की मला जाळू नका, शेतात पसरा.

आज मला उतरवायला, आता मोठी झालेली, आजोळी आलेली शकूच वर चढलीय. खाली मैना उभी आहे.

"आई, किती काळं गं हे! हात बघ माझे. देऊ का फेकून?"

"तू जल्मलीस तवा तुला-मला शेकलं, त्या शेगडीचा धूर हाय त्यो," मैना म्हणाली.

शकूने मला फेकण्यासाठी उचललं होतं. ती थांबली. मला छातीशी धरून ती जपून शिडी उतरू लागली.