चांदपाशाचा कान

मुरुडमध्ये स्कूटर कुरकुरायला लागली की लोक सरळ चांदपाशा मिस्त्रीकडे जात. तो डोळे मिटून कार्ब्युरेटरचा स्क्रू हळूहळू फिरवायचा आणि आवाज मनासारखा लागला की थांबायचा. हवा किती, पेट्रोल किती, हे त्याचा कान ठरवायचा. या कानाचा त्याला भलताच गर्व होता, आणि गावानंही त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं होतं.

मग त्याच्याच लेकीनं, अर्शियानं, शेजारच्या गाळ्यात गाड्यांचा धूर तपासायचं पीयूसीचं मशीन मांडलं. पहिल्याच आठवड्यात अब्बांच्या हातच्या नऊ गाड्या नापास! धुरात विषारी वायू जास्त. म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी.

"त्या डब्ब्याला कान हायत का?" चांदपाशा भडकला आणि चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलून बसला, "रेणुकादास गुरुजींची स्कूटर उद्या मी लावतो. नापास झाली तर पुन्हा स्क्रूला हात लावणार न्हाई!"

दुसऱ्या दिवशी निम्मा बाजार जमला. चांदपाशानं ऐटीत स्क्रू लावला. अर्शियानं सायलेन्सरमध्ये नळी घातली. विषारी वायूची मर्यादा साडेतीन टक्के, आकडा आला सहा.

अर्शिया काहीतरी बोलली. चांदपाशा मशीनकडेच डोळे वटारून उभा.

"चांदभाई, पोरगी तिसऱ्यांदा सांगायलीय!" गुरुजी त्याच्या कानाशी ओरडले. "दोन वर्षांच्या आधी लावलेल्या तुझ्या गाड्या पास हायत. नंतरच्याच नापास!"

चांदपाशाचा हात कानाकडे गेला. दोन वर्षं तो पेट्रोलवाल्यांना शिव्या घालत होता, की भेसळीमुळं इंजिनाचा पूर्वीचा बारीक सूर आता लागतच नाही. सूर येत होता. यालाच ऐकू येत नव्हता, म्हणून हा जाड आवाज येईपर्यंत पेट्रोल वाढवत बसायचा. भर बाजारात त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानं स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"उचला अब्बा," अर्शिया मोठ्यानं म्हणाली. "मी आकडा सांगते, तुमी फिरवा."

"जबान दिली मी."

"नंबरप्लेटचा फोटो काढलास का गं?" गुरुजींनी विचारलं.

"न्हाई अजून. त्याबिगर निकालाची नोंद होत न्हाई."

"मग हजेरीच लागली न्हाई! गैरहजर पोरगा नापास कसा होईल?" चाळीस वर्षं शाळेत घालवलेल्या माणसापुढं कोण बोलणार?

चांदपाशा खाली बसला. "पाच!" अर्शिया ओरडली. "जोरात!" तो म्हणाला. मग बाजारच ओरडायला लागला. "चार! साडेतीन! तीन!" अडीचला त्याचा हात आपोआप थांबला. लोकांनी टाळ्या पिटल्या, गुरुजींनी तर शिट्टी मारली.

चांदपाशानं लेकीला जवळ ओढलं. "कसा वाजतोय?"

"बारीक, अब्बा. लई गोड."

त्यानं डोळे मिटले आणि सगळं ऐकू येत असल्यासारखी मान डोलावली.