पंधरवड्याची कबुली

टीमलीडने फळ्यावर मधोमध रेघ मारली. डावीकडे 'स्क्रम' लिहिलं, उजवीकडे 'कानबान', आणि मार्करला टोपण लावायचं विसरून तो बोलायला लागला. आजवर सॉफ्टवेअरची ही टीम स्क्रम या पद्धतीने चालत आली होती. पंधरवड्यात काय करायचं ते सगळ्यांनी मिळून कबूल करायचं आणि शेवटच्या शुक्रवारी पुरं करून दाखवायचं. कानबानमध्ये असली कबुली नव्हती. कामाच्या चिठ्ठ्या फळ्यावर लावून ठेवायच्या, ज्याचा हात मोकळा होईल त्याने पुढची उचलायची.

"म्हणजे कुणाच्या मानेवर तारीख नाही," टीमलीड म्हणाला.

हे कुणासाठी चाललंय ते खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. टेस्टिंग करणाऱ्या ताईंचा नवरा कधीपासून अंथरुणाला खिळला होता. ताई मध्येच उठून घरी जायच्या, कधी यायच्याच नाहीत, आणि हल्ली शुक्रवारी त्यांचंच काम अर्धवट निघायचं. त्यांना चारचौघांत ओशाळं वाटू नये म्हणून बाकीच्यांनी चहाच्या मशीनपाशी आधीच सगळं ठरवून टाकलं होतं. माणसं भली होती. ताईंना विचारायचं तेवढं कुणाला सुचलं नव्हतं.

"कानबान हवं असेल त्यांनी हात वर करा."

भराभर हात वर गेले. टीममधल्या बडबड्याने तर दोन्ही वर केले, एरवी कामाला एक लावताना त्याच्या जिवावर यायचं. ताईंचे हात मांडीवरच राहिले.

"ताई, तुमच्याच सोयीचं आहे," बडबड्या म्हणाला. "जमेल तेव्हा, जमेल तेवढं. कुणी विचारणार नाही."

"तेच नको ना रे."

ताईंनी पाण्याच्या बाटलीचं घट्ट बसलेलं झाकण पुन्हा आवळलं.

"घरी तेच चाललंय. आधी डॉक्टर म्हणायचे, पंधरा दिवसांनी बघू. आता तेही म्हणत नाहीत. मी विचारलं की म्हणतात, तुम्ही त्यांच्याजवळ बसा." त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "इथे निदान शुक्रवारी काहीतरी संपतं. माझं राहिलं तर राहिलं म्हणा, सगळ्यांसमोर म्हणा. पण विचारा."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. टीमलीडला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने फळ्याची उजवी बाजू तळहातानेच पुसली, हात काळा झाला तो पँटला पुसला, आणि पुढच्या पंधरवड्याच्या चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या. ताईंनी त्यातली एक ओढून घेतली. पासवर्ड विसरणाऱ्यांसाठी नवं पान केलं होतं, ते नीट चालतं का हे तपासायचं होतं.

"पंधरा दिवसांत होईल?" टीमलीडने शक्य तितक्या नेहमीच्या आवाजात विचारलं.

ताईंनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली.

"हे होईल," त्या म्हणाल्या.