पदराआधीची अक्का

टण्.

दुपारचे अडीच वाजले असतील. पिंप्राळ्यातल्या त्या दोन खोल्यांत इतकी सामसूम होती की कागदावर फिरणारी पेन्सिलही ऐकू येत होती, आणि तेवढ्यात आतल्या लोखंडी पलंगाच्या दांडीवर अक्काची पाटली वाजली. एकदा वाजली की पाणी, दोनदा वाजली की लघवीचं भांडं. हाक मारायची सवय भागाबाईला म्हणजे अक्काला कधी नव्हतीच. सासरी बाईमाणसानं मोठ्यानं बोलायचं नाही, हे ती पंधराव्या वर्षी शिकली होती आणि सत्तरीतही विसरली नव्हती.

सून दिपमाला तांब्या घेऊन धावली. घाईत हातातला कागद ठेवायचा राहून गेला. पाणी पिता पिता अक्काची नजर त्याच्यावर गेली.

"हाई कोन शे व?"

कागदावर एक गोरी परदेशी बाई होती. कपाळावर केसांची फुगीर वळकटी, उघडा खांदा, आणि त्या खांद्यावरून मागं वळून ती अशी हसत होती, की जणू तिला कुणाचा बापसुद्धा काही म्हणणार नाही. दिपमालानं कागद पाठीमागं घेतला. हा तिचा चोरून जपलेला छंद होता. तिचे वडील बन्सीलाल पेंटर धुळ्याला आग्रा रोडवर सिनेमाची बॅनरं रंगवायचे. हिरॉइनची ऐट जमावी म्हणून त्यांनी रद्दीतून जुनी विलायती कॅलेंडरं जमवली होती. लोक भिंतीला टाचणीनं टोचायचे म्हणून त्या चित्रांना पिनअप म्हणत. वडील गेल्यावर भावानं दुकान मोकळं केलं, तेव्हा दिपमालानं फक्त तो गठ्ठा मागून आणला. अक्काचा खुबा मोडला, तिला भडगावहून इकडे आणलं, आणि दिपमालानं शाळेतली चित्रकलेच्या बाईची नोकरी सोडली. तेव्हापासून लेक कानू शाळेतून येईपर्यंतचा दुपारचा तासभर ती या बायांचे चेहरे काढत बसायची. आधी मूळ चित्रावर चौकटी आखायच्या, मग कागदावर मोठ्या चौकटी, आणि एकेका चौकटीतलं तेवढंच उतरवायचं. वडिलांची हीच रीत होती.

"काही नाही अक्का. असंच जुनं चित्र आहे."

"दखाड."

अक्कानं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. "बठ्ठी लाज सोडी दिनी शे हिनी," ती म्हणाली. दिपमाला पुढच्या बोलण्याची वाट बघत उभी राहिली. अक्कानं चित्रातल्या उघड्या खांद्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मना बी काढ ना एक. पन असा. मान खाले घालीसन नही."

दिपमालाला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण दुसऱ्या दिवशी अडीचला पाटली वाजली ती एकदाही नाही, दोनदाही नाही, सारखी वाजतच राहिली. जाऊन बघते तर अक्का उशीला टेकून बसलेली, आणि डोक्यावरचा पदर खांद्यावर. लग्नाला आठ वर्षं झाली होती, पण सासूचे केस दिपमालानं तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले. पांढरे, विरळ, लहान पोरीच्या जावळासारखे.

"बस ना मग. माले काय कामधंदा शे?"

जिवंत माणसाच्या तोंडावर चौकटी कशा आखणार? पण पलंगामागच्या खिडकीला लोखंडी गज होते, उभेआडवे, सारख्या मापाचे. दिपमालानं अक्काला त्या जाळीसमोर नीट बसवलं आणि गजांच्याच चौकटी धरल्या. कान कुठल्या चौकटीत, हनुवटी कुठल्या चौकटीत. दोन पिना आणि पेन्सिल लावून तिनं अक्काच्या कपाळावर केसांची वळकटी केली. वळकटी सारखी सुटायची. शाळेतून आलेली कानू ते बघून जमिनीवर लोळून हसली.

"मी कसी दिखस?" अक्कानं नातीला विचारलं.

"हिरॉइन!" कानू ओरडली. अक्का हसली, आणि समोरचे दोन दात नसलेलं ते हसू दिपमालानं घाईघाईनं पकडलं.

चित्र काढायला अकरा दुपारी लागल्या. त्या अकरा दुपारी अक्का बोलली तेवढी बहुधा जन्मात बोलली नसेल. लग्न होऊन आली तेव्हा घरात जेठ म्हणजे थोरले दीर होते, नथ्थूनाना. जेठापुढं पदर नाकापर्यंत. त्यांना वाढायचं तर दाराआडून ताट सरकवायचं. ते अंगणात आले की उठून आत जायचं. एकदा विहिरीवर वाऱ्यानं पदर उडाला आणि नाना समोरून येत होते, तर अक्का घागर टाकून तिथंच पाठ करून बसली. "घागर फुटनी. सासू घागरवरथीन बोलनी, पदरवरथीन नही," असं सांगून ती हसायची.

चित्र पुरं झालं तेव्हा तिनं ते मांडीवर ठेवलं. काजळ नव्हतं, लाली नव्हती. होती ती भडगावची भागाबाईच. पण खांद्यावरून मान वळवून, डोकं उघडं टाकून, समोरच्याच्या डोळ्यांत बघत हसणारी.

"मी मरसू ना, तवय हाऊच लावजो."

"काहीतरीच बोलता अक्का."

"लावसी का नही, ते सांग."

"लावीन," दिपमाला म्हणाली.

जानेवारीत थंडी वाढली. अक्काच्या छातीत कफ भरला, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं.

सुतक फिटण्याचा, गंधमुक्तीचा कार्यक्रम भडगावला ठेवायचं ठरलं. आठव्या दिवशी नणंद सुलक्षणा पहूरहून आली आणि सगळेजण मांडवात लावायला अक्काचा फोटो शोधायला बसले. तेव्हा कुठं घराच्या लक्षात आलं की आईचा एकही फोटो नाही. फोटो होते, पण तोंड नव्हतं. दिपमालाच्या नवऱ्याच्या, भूषणच्या लग्नाच्या अल्बममध्ये आई सात ठिकाणी होती, सातही ठिकाणी पदर नाकापर्यंत, कारण सातही ठिकाणी नाना बाजूला. "पदर घे," असं दरवेळी कुणीतरी म्हटलं होतं. एका फोटोच्या वेळी खुद्द भूषणनंच म्हटलेलं त्याला आठवत होतं. उरला आधार कार्डाचा फोटो. फ्लेक्सवाला म्हणाला, "भाऊ, हा मोठा केला तर नुसतं धुकं येईल."

"तू काढ ना गं," सुलक्षणा दिपमालाला म्हणाली. "त्या बिनकामाच्या गोऱ्या बायांची चित्रं काढतेस म्हणे. कानू सांगत होती. कधीतरी घरच्या माणसासाठी पण हात चालव."

दिपमालानं कपाटातून चित्र आणून तिच्या हातात दिलं.

सुलक्षणानं ते बघितलं. मग ती हुंदका देऊन म्हणाली, "ही बाय कव्हा अशी हासली व? मी पोटची पोर. माझ्यापुढं कधी अशी हसली नाही ती." भूषण उठून खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. चटईच्या कारखान्यात शंभर माणसांवर आवाज चढवणारा माणूस. त्याचे खांदे हलत होते.

"आईच आहे," तो म्हणाला. "अगदी आई आहे. पण हे लावता नाही येणार."

"त्यांनीच सांगितलं होतं. हेच लाव म्हणाल्या."

"गमतीनं म्हणाली असेल."

"गंमत नव्हती ती."

"अगं, पहिला हार नाना घालणार," सुलक्षणा डोळे पुसत म्हणाली. "पंच्याऐंशीचं माणूस. जन्मभर ती त्यांच्यापुढं उघड्या तोंडानं आली नाही, आणि आता मेल्यावर आपण तिचा पदर पाडायचा? चारचौघांत? लोक आईला नाही बोलणार, आपल्याला बोलतील."

"यालाच पदर काढ वरून," भूषण हळूच म्हणाला. "उद्या सकाळी फ्रेमला द्यायचंय. एवढं कर."

दिपमालानं आधी दुसरं चित्र काढून पाहिलं. खिडकीसमोर बसली, गजांच्या चौकटी होत्या तशाच होत्या, पण त्यांत कुणी नव्हतं. दोन कागद वाया गेले. दोन्हींवर नाक आलं, डोळे आले, पण अक्का आली नाही. शेवटी तिनं मोबाइलवर मूळ चित्राचा एक फोटो काढून ठेवला. तो कुणाला दाखवायचा होता, कुणास ठाऊक. मग खोडरबर हातात घेतलं.

केसांची वळकटी पहिल्यांदा गेली. मग कान. पदराचा काठ कपाळावर आला तेव्हा सुलक्षणा मागून म्हणाली, "डोळे पण जरा खाली घे. फार रोखून बघतेय." दिपमालानं डोळे खाली घेतले. डोळे खाली गेले आणि त्यांच्याखालचं हसू वेडंविद्रं दिसायला लागलं, म्हणून तिनं ओठही मिटवले. सगळं मिळून अर्धा तास लागला. सुलक्षणा म्हणाली, "आता कशी शोभतेय."

गंधमुक्तीला भडगावच्या अंगणात मांडव घातला होता. टेबलावर पांढरं कापड, त्यावर फ्रेम. नाना काठी टेकत आले. पोरांनी त्यांना धरून पुढं नेलं. त्यांनी हार घातला, पण मागं सरले नाहीत. वाकून फ्रेमकडे बघत राहिले. बाया आपसांत कुजबुजल्या. भूषण जवळ गेला. "नाना, चला, बसा."

"पन्नास वरीस एकच चूल व्हती रे," नाना म्हणाले. "तिना हातनं खादं. पन तिनं तोंड मी कव्हय दखं नही. म्हनं, आज तरी दिखी." त्यांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली. "आज बी पदर घाली बठनी."

भूषणनं मान वळवून दिपमालाकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. बायांच्या बाजूला ती उभी होती, स्वतःच्या डोक्यावरचा पदर सारखा सावरत. तिला वाटलं, आत्ता पुढं व्हावं, पर्समधून मोबाइल काढावा आणि नानांच्या डोळ्यांसमोर धरावा. पाय उचललाही होता. पण तोवर दोघा पुतण्यांनी नानांना खुर्चीकडे वळवलं, हारांची रांग पुढं सरकली, आणि झेंडूत फ्रेमचा खालचा भाग दिसेनासा झाला. मधे शंभर माणसं होती. त्यांच्यामधून थोरल्या चुलतसासऱ्यांपर्यंत एकटीनं चालत जायचं, हे दिपमालालाही कधी कुणी शिकवलेलं नव्हतं.

पंगती उठल्या. उन्हं उतरली. मांडव रिकामा झाल्यावर कानू टेबलाशी गेली, टाचा उंचावून तिनं दोन हार बाजूला केले आणि बराच वेळ बघत राहिली. मग येऊन आईच्या पदराला धरून उभी राहिली.

"आई," तिनं विचारलं, "अक्का कुणावर रुसली गं?"