इस्त्रीखालचा खर्ज

बाबांचे कान आता फक्त जाड आवाजाचे उरलेत. दाराची बेल, फोन, कुकरची शिट्टी, सगळं त्यांच्या लेखी मुकं. मी घसा फोडून बोलते, ते मान हलवतात, आमचं भागतं. माझा भाऊ, आमचा दादा, जहाजावर असतो. त्याचा आवाज मात्र असा खर्जातला की भिंतीलाही ऐकू जावा. त्यानं बाबांसाठी एक आख्खी रहस्यकथा वाचून पाठवलीय. कमरेचं हाड मोडल्यापासून बाबा पलंगावरच असतात आणि दिवसभर लॅपटॉपवर तेच ऐकतात.

काल संध्याकाळी बाबा म्हणाले, "दादा आजारी आहे का गं? नुसता कुजबुजतोय."

मी ऐकलं, तर खरंच बेस गायब. दादा पत्र्याच्या डब्यात बसून बोलत असावा तसं.

मी काही हार मानणाऱ्यातली नाही. सेटिंगमध्ये शिरले. इक्वलायझरचे खर्जाचे पट्टे वर चढवले तर स्पीकर फरफरायला लागला, ते परत उतरवले. आवाजाचा तो ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला. बंद-चालू किती वेळा केलं, देव जाणे. हेडफोन लावला तर आवाज ठणठणीत, म्हणजे दुखणं स्पीकरचं. पण हेडफोन बाबा डोक्याला टेकवूही देत नाहीत. वैतागून मी मनगट लॅपटॉपच्या कोपऱ्यावर टेकलं आणि दादा एकदम भरदार बोलायला लागला. हात उचलला की गेला, टेकला की आला. मला कोण आनंद झाला. मी पडदे शिवणारी बाई. आत काहीतरी उसवलंय आणि दाबलं की बसतंय, एवढंच माझ्या डोक्यात आलं. सकाळी त्या कोपऱ्यावर रुमालाची घडी ठेवली आणि तिच्यावर इस्त्री. थंडच, नुसती वजनाला. लॅपटॉप बाबांच्या अंगावर येणाऱ्या सरकत्या टेबलावर ठेवला, चार्जर लावला, दाराला कुलूप घातलं आणि दुकानात गेले.

दुपारी मावसभावाला फोन केला. तो लॅपटॉप दुरुस्त करतो, आणि मला त्याच्यापुढे जरा मिरवायचं होतं.

"तुझ्यावाचून अडत नाही हं माझं," म्हटलं आणि सगळं सांगितलं.

तो हसेल असं वाटलं होतं. त्यानं उलट मलाच विचारायला सुरुवात केली.

"ताई, टेबलावर ठेवला की लॅपटॉप डुगडुगतो का?"

"थोडासा."

"बोटानं बाण फिरवतेस ती पट्टी वर आलीय?"

"आलीय बहुतेक. का रे?"

"बॅटरी फुगलीय त्याची. तिनं आतून पत्रा उचललाय, म्हणून स्पीकर सुटलाय. तू फुगलेल्या बॅटरीवर इस्त्री ठेवून आलीयस. वर चार्जर. ती फुटली तर पेटते, ताई. आधी वजन काढ, आणि ती वस्तू घराबाहेर ने. मी निघालोच."

मी फोन ठेवला. बाबांना फोन लावून उपयोग नव्हता, त्यांना तो ऐकूच येत नाही. शेजारच्या काकूंना लावला. त्यांनी धावत जाऊन जिन्यातला मेन स्विच पाडला, पण आत जाणार कशा? किल्ली माझ्या पिशवीत. मी धावत सुटले. काय गं केलंस हे, पलंगावरून हलता न येणाऱ्या माणसाला कोंडून त्याच्या पोटाशी आग ठेवलीस, हेच डोक्यात घणघणत होतं. प्रत्येक वळणावर वर बघत होते, धूर दिसतोय का. दारात आले तेव्हा किल्ली भोकात जाईना. काकूंनी माझं मनगट धरलं, तेव्हा कुठे कुलूप उघडलं.

आत गोडसर, नेलपॉलिशसारखा वास भरला होता. दादा भरदार आवाजात वाचत होता. बाबांचे डोळे मिटलेले, आणि त्यांचा हात इस्त्रीवर. दाबून धरलेला.

"हात काढा, बाबा."

धावून माझा घसा बसला होता. आवाज घोगरा, खोल, माझा वाटेचना. बाबांनी दचकून हात काढला. मी इस्त्री उचलली, वायर उपटली. दादाचा आवाज बारीक झाला, मग मी तो बंदच केला. लॅपटॉपचा तळ तव्यासारखा तापला होता. काखेत धरायचीही भीती वाटली. दोन हातांवर तसाच तोलत गच्चीत नेला, उघड्या फरशीवर ठेवला आणि मागे सरले. परत आले आणि पलंगाच्या कडेवरच बसले.

"गरम लागत नव्हतं का, बाबा?" मी त्याच घोगऱ्या आवाजात विचारलं.

"लागत होतं की. वासही येत होता मघापासून."

"मग काठी का नाही आपटलीत?"

"कुठली काठी?"

पलंगाशी काठी टेकवून ठेवलेली आहे. ते पडल्यापासून रोज कामावर निघताना मी त्यांच्या कानाशी वाकून सांगते, काही झालं तर ही भिंतीवर आपटा, काकूंकडे दुसरी किल्ली नाही पण त्या मला बोलावतील. आणि रोज ते मान हलवतात.

"बाबा, मी सकाळी जाताना तुम्हाला काय सांगते?"

त्यांनी जरा आठवून पाहिलं.

"येते म्हणतेस ना," ते म्हणाले.