खिशाच्या कोपऱ्यातली टीप

माझ्या धाकट्या लेकाचं वागणं मला कधी पटलं नाही. भांडून गेला ते गेला, पण कुठं राहतो, काय खातो, एका शब्दानं कळवलं नाही. थोरल्यानं त्याला भिंती रंगवणारा रिकामटेकडा म्हटलं, एवढंच निमित्त. अहो, शब्दानं अंगाला भोकं पडतात होय? मी रोज याहून जहाल बोलते, माझ्या सुना अजून टिकून आहेत.

त्याच सुना म्हणतात, सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं. येईना का. पण दारावर थाप पडली की शिलाई मशीनवरचे माझे पाय आपोआप थांबतात. थाप नेहमी दुसऱ्याच कुणाची असते.

परवा थोरल्याची लेक एक हूडी घेऊन आली. बाह्या आखूड करून हव्या होत्या. त्यात ती आणि तिची मैत्रीण दोघी मावल्या असत्या. मी म्हटलं, शिवणाऱ्यानं तंबूचं माप घेतलं होतं की काय. तर म्हणे आजी, फॅशनच आहे. हे बनवणारे लोक आधी रस्त्यावरच्या भिंतीवर चित्र काढतात, मग तेच कपड्यावर छापतात. पाठीवर जिना चढणारी निळी मांजर होती. चित्रातलं मला काय कळतंय. मी कापड उलटंसुलटं केलं आणि खिशापाशी बोट अडलं.

खिशाच्या कोपऱ्याला आम्ही तिकोनी टीप मारतो. माझे सासरे डावखुरे, त्यांचा तिकोन उलटा पडायचा. त्यांचं बघून मी शिकले, माझं बघून मुलं शिकली, सगळी उलटीच. बाहेरचा कारागीर आला की हसतो. ही चूक दुसऱ्या कुठल्या घरात होत नाही. त्या हूडीच्या दोन्ही खिशांना तीच टीप होती.

चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग नातीला म्हटलं, बाह्या राहू दे, ही घेतलीस ते दुकान दाखव. काका गेला तेव्हा ती पाळण्यात होती, तिला काय सांगणार?

दुकानाला पाटी नव्हती. भिंतभर तीच मांजर, आणि शेपटीच्या टोकाशी दार. आत रंगाचा उग्र वास, बसायला जमिनीवर टाकलेल्या गाद्या, आणि मागच्या खोलीतून मशीनचा आवाज. पाय मारण्याचा तो ठेका मी ओळखला. नातीनं हात धरला.

धाकटाच होता. कानशिलावरचे केस पिकलेले, बोटं निळी. मला पाहून अर्धा उठला, पण टीप अर्धी होती म्हणून परत बसला, पुरी केली, मगच समोर आला. हेही आमच्याच घरातलं.

तो पोटभर बोलला. कुठल्या गावांत भिंती रंगवल्या, शिवण कुणाकुणाला शिकवली. थोरल्याचं नाव घेतलं नाही. मी विचारलं, घरी कधी येतोस? म्हणाला, येईन गं, एवढी ऑर्डर जाऊ दे. म्हणाला आणि हातातल्या कापडाची घडी घालत बसला.

मी ते कापड काढून घेतलं.

"तू काही येत नाहीस. स्वभाव माझाच घेतलायस, मला फसवू नकोस. मीच येत जाईन. या गाद्यांवरून मला उठवत नाही, एक पाठ असलेली खुर्ची आणून ठेव."